वास्तुशांतीपूर्वी वास्तुपरीक्षा

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि विजयादशमी हे आपल्याकडे नव्या घराचे मुहूर्त. या दिवसांच्या आगेमागे वृत्तपत्रांची पाने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी भरून जातात आणि असंख्य कुटुंबे नव्या सदनिकेची किल्ली हाती घेतात. दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागते, उंबरठ्यावर हळदीकुंकू वाहिले जाते, पुण्याहवाचन होते, वास्तुशांती होते, आप्तेष्ट जेवून जातात. नोकरदार मध्यमवर्गीयाच्या आयुष्यातील हा बहुधा सर्वांत मोठा व्यवहार. वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतील रक्कम, पत्नीचे मोडलेले दागिने आणि पुढील वीस वर्षे फेडावयाचे कर्ज यांतून त्या चार भिंती उभ्या राहिलेल्या असतात. या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. तथापि त्या घराच्या धन्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो : या वास्तूची परीक्षा कुणी केली?

या प्रश्नाला बहुतेकांकडे तीन उत्तरे तयार असतात. महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र दिले आहे, बँकेने कर्ज दिले आहे आणि प्रकल्प 'महारेरा'कडे नोंदलेला आहे. ही तिन्ही उत्तरे खरी असू शकतात आणि तरीही मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो. भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिकेचा अधिकारी मंजूर नकाशाशी बांधकाम जुळते की नाही, मजले वाढविले आहेत की काय, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला आहे की नाही, हे पाहतो. इमारतीच्या मजबुतीबद्दल मात्र तो वास्तुविशारद आणि संरचना अभियंता यांच्या प्रमाणपत्रांवर विसंबतो. हे दोघेही विकासकाने नेमलेले आणि विकासकाकडून मानधन घेणारे असतात. बँकेचा मूल्यमापक येतो तो बँकेच्या कर्जाची सुरक्षितता पाहायला. स्नानगृहातील पाणी खालच्या घरात झिरपेल का, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आणि रेरा नोंदणी ही कागदपत्रांची नोंदणी आहे. कल्याण-डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे हीच नोंदणी मिळविली होती, हे प्रकरण २०२२ साली उजेडात आले आणि पुढे उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. कागद सुरक्षित होते. माणसे मात्र रस्त्यावर येण्याची पाळी आली.

याचा अर्थ सरळ आहे. ज्याने घर बांधले, ज्याने ते विकले आणि ज्याने ते चांगले बांधले असे लिहून दिले, ते सारे एकाच बाजूचे आहेत. घर विकत घेणाऱ्याच्या बाजूने त्या इमारतीकडे पाहणारा या साखळीत एकही माणूस नाही.

'नवीन म्हणजे मजबूत' हा आपला समज किती भाबडा आहे, हे गेल्या पाव शतकाने वारंवार दाखवून दिले आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. त्याच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत जुन्या पोळांतील लाकडी घरे मोठ्या प्रमाणावर टिकली आणि काही वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या अनेक बहुमजली इमारती मात्र कोसळल्या. वाहनतळासाठी तळमजला भिंतींविना नुसत्या खांबांवर सोडलेला आणि त्या खांबांत पुरेशी सळई नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण तज्ज्ञांनी नोंदविले. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाटा येथे अवघ्या काही महिन्यांत घाईने चढविलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण दगावले. बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच तेथे कुटुंबे राहावयास आणलेली होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे खाली बसली आणि १६ जण प्राणास मुकले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. तिचे वयही दीड दशकाच्या आतच होते.

यावर कुणी म्हणेल की, ही अनधिकृत किंवा हलक्या बांधकामांची उदाहरणे झाली. नामवंत विकासकाच्या, सर्व परवानग्या असलेल्या संकुलात असे होत नाही. तर मग १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मध्ये काय घडले, ते आठवावे. उच्चभ्रू, सुसज्ज, भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या संकुलातील एका मनोऱ्यात सहाव्या मजल्यावरील सदनिकेची जमीन खचली आणि खालचे मजले एकामागून एक फोडीत गेली. दोन महिलांचा मृत्यू झाला. पुढे दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण प्रमाणाबाहेर आढळले आणि त्यामुळे आतील सळई झपाट्याने गंजल्याचा निष्कर्ष निघाला. काँक्रीट ओतले जात असतानाच मिश्रणात शिरलेला हा दोष. त्यावर गिलावा झाला, रंग चढला, संगमरवर बसला, आणि रहिवासी निर्धास्त राहू लागले. 'आयएस ४५६' या भारतीय मानकात सळईयुक्त काँक्रीटमध्ये प्रति घनमीटर किती क्लोराइड चालेल याची मर्यादा स्पष्ट दिलेली आहे. मानक होते, परवानगी होती, प्रमाणपत्र होते. त्या काँक्रीटचा नमुना ग्राहकाच्या वतीने वेळेवर तपासणारे मात्र कुणी नव्हते.

येथे आपल्या कायद्यातील एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढील वयाच्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. हा नियम योग्यच आहे. पण पहिली १५ वर्षे इमारत निर्दोष आहे असे गृहीत धरण्याला आधार काय? जन्मतःच व्याधी असलेल्या बालकाला पंधराव्या वर्षी वैद्याकडे न्यावे, असे कुणी म्हणणार नाही.

वास्तविक परीक्षेवाचून वास्तू स्वीकारणे, ही आपली परंपरा नव्हे. आज नवे घर घेताना दिशा पाहण्यासाठी वास्तुतज्ज्ञाला आवर्जून बोलावले जाते. देवघर ईशान्येला आहे का, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, याची बारकाईने चौकशी होते. पण ज्या ग्रंथांचा आधार घेऊन ही चौकशी होते, ते ग्रंथ सुरुवात कोठून करतात? वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वास्तुविद्येच्या अध्यायात भूमीच्या परीक्षेचे विधी सांगितले आहेत. एक हात खोलीचा खड्डा खणावा, त्याच मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, कमी पडली तर त्याज्य. खड्डा पाण्याने भरून शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी किती ओसरले ते पाहावे. मातीची घनता आणि पाणी शोषण्याची क्षमता जोखण्याचे हे प्रयोग आजचा अभियंताही हसण्यावारी नेणार नाही. आधी परीक्षा आणि मग पूजा, हा आपल्या पूर्वजांचा क्रम होता. आपण त्यातील पूजा तेवढी ठेवली आणि परीक्षा सोडून दिली.

कौटिल्याने तर यापुढे जाऊन शासनव्यवस्थेच्या अंगाने विचार केला. अर्थशास्त्राच्या 'कण्टकशोधन' या चौथ्या अधिकरणाचा आरंभच 'कारुकरक्षण' या अध्यायाने होतो. त्यानंतर 'वैदेहकरक्षण' येते. कारागिरांपासून आणि व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण करणे, हे त्याने राजाचे कर्तव्य मानले आणि सांगितल्याबरहुकूम काम न करणाऱ्यास दंड ठरवून दिला. कारागीर आणि व्यापारी हे समाजाचे आधार आहेत, हे कौटिल्याला पुरेपूर ठाऊक होते. तरीही केवळ विश्वासावर व्यवहार सोडू नये, अशीच त्याची भूमिका होती. आणि उत्तम कामाचा अभिमान कसा असावा, हे पाहावयाचे तर रायगडावर जावे. तेथील वास्तूंचा निर्माता हिरोजी इंदुलकर याने आपले नाव कोरले ते जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर. आज विकासकाचे नाव महामार्गावरील फलकावर दुरूनही वाचता येते. इमारतीला गळती लागली म्हणजे मात्र त्याच्या कार्यालयातील दूरध्वनीही कुणी उचलत नाही.

जगातील अन्य देशांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे आणि बहुधा ते मोठी किंमत देऊन शोधले आहे. १५ मार्च १९८६ रोजी सिंगापुरात 'हॉटेल न्यू वर्ल्ड' ही इमारत कोसळली आणि ३३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत असे निष्पन्न झाले की, मूळ आराखड्यात इमारतीचे स्वतःचे वजनच हिशेबात धरलेले नव्हते. एवढी ढोबळ चूक वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेस आली नाही, कारण दुसऱ्या कुणी ती गणिते तपासलीच नव्हती. त्यानंतर १९८९ च्या कायद्याने सिंगापूरने संरचनेचा आराखडा तपासण्यासाठी मान्यताप्राप्त आणि स्वतंत्र तपासनीसाची अट घातली. फ्रान्सने १९७८ सालीच कायदा करून बांधकामातील गंभीर दोषांची दहा वर्षांची जबाबदारी बांधणाऱ्यांवर टाकली आणि तिचा विमा सक्तीचा केला. पैसे भरण्याची पाळी आपल्यावर येणार, हे ठाऊक असल्याने विमा कंपनीलाच काम नीट व्हावे याची चिंता लागते.

आपल्याकडेही या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली गृहबांधणी ही ग्राहक कायद्याच्या कक्षेतील सेवा असल्याचा निर्णय दिला. २०१६ च्या रेरा कायद्याने घर घेणाऱ्याच्या हाती प्रथमच धारदार शस्त्र दिले. त्यातील कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेचा, कारागिरीचा, दर्जाचा वा सेवांचा कोणताही दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण दोष दिसला तरच तो निदर्शनास आणता येतो! सळईवर काँक्रीटचे आवरण किती जाडीचे आहे, गच्चीच्या जलरोधक थराखाली काय आहे, विजेची भूसंपर्क तार खरोखर जमिनीपर्यंत पोचली आहे की भिंतीतच संपली आहे, हे गृहस्थाला कसे कळावे? दोष स्वतःहून बाहेर येईपर्यंत पाच वर्षे उलटून जातात आणि शस्त्र म्यानातच राहते.

दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी घरांसाठी शासनाने त्रयस्थ संस्थेकडून गुणवत्ता तपासणीची व्यवस्था केली आहे. सरकारी पैसा नीट खर्च व्हावा म्हणून शासनाला त्रयस्थ तपासणी आवश्यक वाटते. मग सामान्य माणसाने घाम गाळून मिळविलेला पैसा त्याहून कमी मोलाचा आहे काय? जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातही, राज्य शासनाच्या कलम ७९-अ खालील निर्देशांनुसार, गृहनिर्माण संस्था स्वतःचा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमते. तो सल्लागार प्रामाणिक आणि दक्ष असेल तर त्याचा किती उपयोग होतो, याचा अनुभव मुंबई-पुण्यातील अनेक संस्थांनी घेतला आहे. जे पुनर्विकासात शक्य आहे, ते नव्या गृहप्रकल्पात अशक्य का असावे?

ही तपासणी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. स्लॅब टाकण्यापूर्वी सळईची जाडी आणि अंतर मोजणे, सळई साच्याला टेकू नये म्हणून खाली ठोकळे ठेवले आहेत की नाही ते पाहणे, काँक्रीटचे घन भरून ते सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत फोडून पाहणे, पाणी मारण्याचे काम मानकात सांगितलेले किमान दिवस होते की नाही याची नोंद ठेवणे, ही झाली बांधकामाच्या वेळची कामे. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांमुळे आता आठवड्या-दहा दिवसांत एकेक मजला चढतो. वेग वाढला म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्याची गरजही वाढते. ताब्याच्या वेळी स्नानगृहात चोवीस तास पाणी साठवून खालचे छत पाहणे, फरशीवर काठीने ठोकून पोचट आवाज येतो का ते ऐकणे, चटईक्षेत्र फीत लावून मोजणे, विजेचा धक्का रोखणारे यंत्र प्रत्यक्ष बंद पडते का ते पाहणे, आगीचा पंप चालवून शेवटच्या मजल्यावर पाणी चढते का ते तपासणे, एवढे केले तरी पुढची निम्मी भांडणे टळतील. शंका आलीच तर काँक्रीट न फोडता त्याची प्रत जोखणारी साधनेही आज उपलब्ध आहेत.

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातील. विकासक म्हणतील, हा आमच्यावरचा अविश्वास आहे. तसे मुळीच नाही. कंपनीचा जमाखर्च बाहेरचा लेखापरीक्षक तपासतो, म्हणून संचालकांना कुणी चोर म्हणत नाही; विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तो स्वतः तपासत नाही, म्हणून तो अपमानही मानीत नाही. उलट ज्यांचे काम चोख आहे, अशा विकासकांना या तपासणीचा लाभच होईल; आज त्यांचे उत्तम काम आणि शेजारच्याचे दिखाऊ काम एकाच भावाने विकले जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आणखी एक तपासनीस म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक पाकीट, अशी धास्ती लोकांना वाटते आणि ती निराधार नाही. म्हणूनच हा तपासनीस सरकारी खात्याचा नसावा. पात्र अभियंत्यांची नामावली 'महारेरा'ने जाहीर करावी, त्यांतून निवड घर घेणाऱ्यांनी करावी, त्याचे मानधन विकासकाच्या हातून जाऊ नये, त्याचा अहवाल सर्वांना पाहावयास खुला असावा आणि खोटा अहवाल दिल्यास त्याचा परवाना रद्द व्हावा. रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये बांधकामाच्या विम्याची तरतूद आहे. शासनांनी अधिसूचना काढून ती खऱ्या अर्थाने अंमलात आणली तर या व्यवस्थेला बळ मिळेल.

परंतु सर्व काही शासनाने करावे आणि आपण स्वस्थ बसावे, ही वृत्ती समाजाला दुबळे करते. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. आधी समाज जागा झाला आणि मग कायदा झाला. घरांच्या बाबतीतही तेच घडावयास हवे. एकाच प्रकल्पातील शंभर कुटुंबे एकत्र आली तर एका चांगल्या अभियंत्याचे मानधन प्रत्येकाला किरकोळ वाटेल. दाराच्या सजावटीवर आणि गृहप्रवेशाच्या जेवणावळीवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ते काहीच नाही. ताब्यापूर्वी एक तपासणी, पहिल्या पावसाळ्यानंतर दुसरी आणि पाच वर्षे संपण्यापूर्वी तिसरी, एवढा साधा नियम प्रत्येक नव्या संस्थेने स्वतःला घालून घ्यावा आणि आढळलेले दोष लेखी कळवून पोच घ्यावी. निवृत्त अभियंत्यांची मोठी शक्ती आपल्या गावागावांत आहे. त्यांनी आठवड्यातील एक दिवस या कामाला दिला, तर ती आजच्या काळातील मोठी समाजसेवा ठरेल.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप असो वा २००१ चा भुजचा, ढिगाऱ्याखालून माणसे काढण्यासाठी स्वयंसेवक धावून गेले. त्या सेवेचा अभिमान वाटतोच. पण ज्यांनी ते काम केले, त्यांना विचारा. ढिगारा उपसताना हाताला लागणारे शाळेचे दप्तर, देवघरातील समई, नवीन लुगड्याची घडी ही दृश्ये आयुष्यभर पाठ सोडत नाहीत. सेवेची खरी परिणती अशी सेवा करण्याची वेळच न येऊ देण्यात आहे.

घराला आपण वास्तुपुरुष मानतो आणि तो सदैव 'तथास्तु' म्हणत असतो, अशी आपली श्रद्धा आहे. त्याने तथास्तु म्हणावे असे वाटत असेल, तर त्याच्या पायाखालची माती, अंगातील सळई आणि मस्तकावरची गच्ची आपण आधी पाहून घेतली पाहिजे. वास्तुशांतीचा मुहूर्त अवश्य काढावा. मात्र त्यापूर्वीचा एक दिवस वास्तुपरीक्षेसाठी राखून ठेवावा.